संकेतस्थळाचे शिक्कामोर्तब
कंटेनरमधील वेब सर्व्हरला सुरक्षा प्रमाणपत्र कसे जोडावे व कसे सांभाळावे

कागद खरा की खोटा, हे पारखण्याची गरज राज्यकारभाराइतकीच जुनी आहे. मराठेशाहीतील पत्राच्या आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब उमटविण्याचा प्रघात होता. शिक्क्यावरून पत्र कोणाचे ते कळे. मोर्तबाने मजकुराची मर्यादा ठरे, आणि त्याखाली कोणी मागाहून एखादी ओळ घुसविली तर ती परकी म्हणून ओळखता येई. ‘शिक्कामोर्तब’ हा नित्याच्या बोलण्यातील शब्द या प्रघातातून आला आहे. होळकर संस्थानचे मोडी दप्तरही याच परंपरेतील होय.

१८१८ साली मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी झाली आणि माळव्याच्या व्यापाराचे मोठे ठाणे बनली. व्यापाराबरोबर सराफी पेढ्या आल्या आणि पेढ्यांबरोबर हुंडीचा व्यवहार आला. दर्शनी हुंडी दाखविताच पटे. मुदती हुंडीस ठरलेली मुदत असे. शहाजोग हुंडीचे पैसे मात्र बाजारात पत असलेल्या ‘शहा’च्याच हाती पडत. अनोळखी माणसाने ती आणली, तर त्याला ओळखणारा कोणी प्रतिष्ठित व्यापारी मध्ये घ्यावा लागे. एकाला दुसरा ओळखतो, दुसऱ्याला पेढी ओळखते, म्हणून पेढी पहिल्यास पैसे देते, अशी ही विश्वासाची साखळी होती.

शिक्का, मोर्तब, मुदत आणि ओळखीची साखळी या चार गोष्टी ज्यास समजल्या, त्यास आजच्या संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र समजणे अवघड जाऊ नये. सार्वजनिक संस्थांची संकेतस्थळे आता बहुधा ‘कंटेनर’ नावाच्या पद्धतीने चालविली जातात. अशा सर्व्हरला प्रमाणपत्र कसे जोडावे आणि ते मुदत संपून निकामी होऊ नये यासाठी काय करावे, याचा विचार या पाठात केला आहे.

बंद तारेकडून खुल्या वाटेकडे

इंदूरला लागून असलेल्या धार जिल्ह्यात १ जानेवारी २००० रोजी ‘ज्ञानदूत’ ही योजना सुरू झाली. गावोगावी ‘सूचनालये’ उघडण्यात आली. तेथील संगणकावरून शेतकऱ्यास बाजार समितीतील भाव कळू लागले, जमिनीच्या नोंदींच्या नकलांची मागणी करता येऊ लागली आणि तक्रार-अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविता येऊ लागले. त्याच वर्षी या योजनेस स्टॉकहोम चॅलेंज हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ग्रामीण भागात संगणकाद्वारे लोकसेवा पुरविण्याचा भारतातील तो एक आरंभीचा व गाजलेला प्रयोग होता.

ज्ञानदूतचे जाळे जिल्ह्यापुरते होते. आज मात्र नागरिकाचा अर्ज खुल्या इंटरनेटवरून जातो. खेड्यातील मोबाइलपासून दूरच्या सर्व्हरपर्यंत पोचेतो तो अनेक मध्यस्थ यंत्रांतून पुढे सरकतो. एखाद्या उपाहारगृहातील फुकट वाय-फाय हेही त्यांपैकीच एक असू शकते. मजकूर उघडा असेल, तर वाटेतील कोणत्याही यंत्रावर तो वाचता येतो, बदलताही येतो. पोस्टकार्ड जसे वाटेत कोणीही वाचावे, तशीच ही अवस्था आहे. त्या मजकुरात आधार क्रमांक, बँकेचे खाते किंवा विद्यार्थ्याचे गुणपत्रक असेल, तर होणारी हानी सांगावयास नको.

यावर उपाय म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात पाठविणे. १९९०च्या दशकाच्या मध्यास नेटस्केप कंपनीने ‘एसएसएल’ ही पद्धत आणली. पुढे तिची जागा ‘टीएलएस’ने घेतली असून तिची १.३ ही आवृत्ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपी’ऐवजी ‘एचटीटीपीएस’ असले, म्हणजे ही पद्धत तेथे वापरात आहे असे समजावे.

प्रमाणपत्रात काय असते

केवळ सांकेतिक भाषा पुरेशी नाही. बंद लिफाफा चोराच्याच पत्त्यावर गेला, तर तो बंद असून उपयोग काय? म्हणून ज्याच्याशी बोलणे चालले आहे तो तोच आहे, याची खात्री आधी व्हावी लागते. प्रमाणपत्राचे हेच काम होय.

सर्व्हरजवळ दोन किल्ल्या असतात. एक खासगी, ती कोणासही द्यावयाची नसते. दुसरी जाहीर, ती सर्वांस देता येते. या किल्ल्या म्हणजे परस्परांशी गणिताने बांधलेल्या मोठ्या संख्या होत. जाहीर किल्ली, संकेतस्थळाचे नाव, मुदतीची आरंभ-तारीख व शेवटची तारीख, आणि या सर्व मजकुरावर प्रमाणक संस्थेची संगणकीय सही, एवढे मिळून प्रमाणपत्र तयार होते. सही झाल्यावर त्यातील एक अक्षर जरी बदलले, तरी सही जुळत नाही. हेच त्याचे मोर्तब.

वाचकाचा ब्राउझर क्षणार्धात चार गोष्टी तपासतो: मागितलेले नाव आणि प्रमाणपत्रावरील नाव एकच आहे काय, आजची तारीख मुदतीत बसते काय, सही करणारी संस्था आपल्या ओळखीच्या यादीतील मूळ संस्थेपर्यंत पोचते काय, आणि समोरच्या सर्व्हरजवळ त्या प्रमाणपत्राची खासगी किल्ली खरोखर आहे काय. चारही उत्तरे होकारार्थी आली, तरच पुढील देवाणघेवाण मुकाट्याने सुरू होते. एक जरी चुकले, तरी पडद्यावर धोक्याचा इशारा झळकतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला व त्याखाली प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक हे पद निर्माण झाले. नियंत्रकांच्या परवान्याने काम करणाऱ्या संस्था व्यक्तींना व अधिकाऱ्यांना संगणकीय सहीचे प्रमाणपत्र देतात. महाराष्ट्रातील डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा अशा सहीमुळेच ग्राह्य धरला जातो. संकेतस्थळाचे प्रमाणपत्र निराळे. ते माणसाचे नसून नावाचे असते, आणि त्याची ग्राह्यता ब्राउझर व संगणकप्रणाली तयार करणाऱ्यांनी बाळगलेल्या विश्वासार्ह संस्थांच्या यादीवर अवलंबून असते. कार्यालयातील सहीचे टोकन संकेतस्थळास जोडता येत नाही.

पूर्वी संकेतस्थळाचे प्रमाणपत्र पैसे देऊन घ्यावे लागे. त्यामुळे लहान शाळा, ग्रंथालये व ग्रामसंस्था त्यापासून दूर राहत. ‘इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप’ या अमेरिकेतील ना-नफा संस्थेने ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही विनामूल्य प्रमाणक सेवा सुरू केली आणि ३ डिसेंबर २०१५ पासून ती सर्वांस खुली झाली. तिचे प्रमाणपत्र नव्वद दिवसांच्या मुदतीने देण्याचा प्रघात पडला. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझरने उघड्या पद्धतीच्या प्रत्येक संकेतस्थळावर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखविण्यास आरंभ केला, तेव्हापासून प्रमाणपत्र ही मोठ्या संस्थांची चैन न राहता सर्वांचीच गरज बनली.

कंटेनर म्हणजे काय

इंदूरजवळील पीथमपूरच्या कारखान्यांतील माल पोलादी पेट्यांत भरून मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदराकडे जातो. पेटीचे माप ठरलेले असल्यामुळे ती ट्रक, आगगाडी वा जहाज यांपैकी कशावरही चढविता येते. आतील माल उतरवावा लागत नाही. जहाजाने अशा पेट्या नेण्याचा आधुनिक प्रघात १९५६ साली अमेरिकेत सुरू झाला.

संगणकाच्या जगात तीच कल्पना २०१३ साली ‘डॉकर’ या साधनाने रूढ केली. वेब सर्व्हरचा कार्यक्रम आणि त्यास लागणारी सर्व सामग्री एका साच्यात बांधून ठेवतात. या साच्यास ‘इमेज’ म्हणतात. साच्यावरून जी चालती पेटी तयार होते, तिला ‘कंटेनर’ म्हणतात. एकाच साच्यावरून कोणत्याही यंत्रावर सारखीच पेटी उभी करता येते. त्यामुळे एका यंत्रावर चालते आणि दुसऱ्यावर का चालत नाही, हा नेहमीचा त्रास वाचतो.

या पद्धतीचा एक गुण नीट ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व चुका तो विसरल्यामुळे होतात. पेटी ही कायमची नसते. सर्व्हरची नवी आवृत्ती आली की जुनी पेटी मोडून नवी उभी करतात, आणि जुन्या पेटीत मागाहून जे लिहिले गेले असेल ते तिच्याबरोबर नाहीसे होते. म्हणून जपावयाचा ऐवज पेटीबाहेर, यंत्राच्या स्वतंत्र साठवणीत ठेवावा लागतो. या साठवणीस ‘व्हॉल्यूम’ म्हणतात. पेटीला त्या साठवणीचे दार तेवढे उघडून दिले जाते. प्रमाणपत्र व खासगी किल्ली हा असाच ऐवज होय.

कामाचा क्रम

समजुतीसाठी इंदुरातील एखाद्या मराठी ग्रंथालयाचे कल्पित उदाहरण घेता येईल. सभासदांना घरबसल्या पुस्तकांची यादी पाहता यावी व वर्गणी भरता यावी, अशी ग्रंथालयाची इच्छा आहे. त्यासाठी भाड्याने घेतलेल्या एका यंत्रावर ‘एनजिन-एक्स’ हा वेब सर्व्हर कंटेनरमध्ये चालू आहे. प्रमाणपत्र मागण्यासाठी ‘सर्टबॉट’ हा विनामूल्य कार्यक्रम दुसऱ्या कंटेनरमध्ये ठेवावयाचा आहे. कामाचा क्रम पुढीलप्रमाणे राहील.

१. नाव व पत्ता. संस्थेचे नाव नोंदवून ते यंत्राच्या सार्वजनिक अंकी पत्त्याशी जोडावे. देवनागरीतील ‘डॉट भारत’ हा प्रत्यय २०१४ सालापासून उपलब्ध असून त्यात मराठीतही नाव घेता येते. अशा नावासही प्रमाणपत्र मिळते.

२. दोन दारे. उघड्या पद्धतीसाठी ८० क्रमांकाचे व सुरक्षित पद्धतीसाठी ४४३ क्रमांकाचे दार असते. यंत्राची ही दोन्ही दारे खुली ठेवून ती वेब सर्व्हरच्या पेटीशी जोडावीत. ८० क्रमांकाचे दार बंद केले, तर पुढील पडताळणी होऊ शकत नाही.

३. दोन साठवणी. एक पडताळणीच्या चिठ्ठीसाठी, दुसरी प्रमाणपत्रांसाठी. दोन्ही साठवणी सर्टबॉटला लिहिण्यासाठी आणि वेब सर्व्हरला केवळ वाचण्यासाठी खुल्या असाव्यात. सर्टबॉट हा चालू प्रमाणपत्राच्या जागी त्याकडे बोट दाखविणारी खूण ठेवतो. मूळ कागद शेजारच्या कप्प्यात असतो. म्हणून केवळ खुणेचा कप्पा न देता संपूर्ण साठवण जोडावी. अन्यथा खूण दिसते, पण कागद सापडत नाही.

४. आधी उघडे दार, मग सुरक्षित. या टप्प्यावर नवशिके हमखास अडतात. सर्व्हरच्या मांडणीत प्रमाणपत्राचा उल्लेख असेल व प्रमाणपत्र अद्याप आले नसेल, तर एनजिन-एक्स सुरूच होत नाही. आणि सर्व्हर सुरू नसेल, तर पडताळणी होत नाही व प्रमाणपत्र येत नाही. हा पेच सोडविण्यासाठी प्रथम केवळ ८० क्रमांकाच्या दाराची मांडणी करून सर्व्हर चालू करावा, प्रमाणपत्र मिळवावे, आणि मगच ४४३ क्रमांकाची मांडणी जोडावी.

५. पडताळणी. सर्टबॉटने मागणी करताच प्रमाणक संस्था एक सांकेतिक चिठ्ठी देते. ती त्या नावाच्या संकेतस्थळावर ठरलेल्या जागी ठेवावयाची असते. संस्थेची यंत्रे निरनिराळ्या ठिकाणांहून ती वाचून पाहतात. चिठ्ठी जशीच्या तशी मिळाली, की नाव मागणाऱ्याच्या ताब्यात आहे असे मानून प्रमाणपत्र दिले जाते. या संवादाचे नियम ‘ॲक्मे’ या नावाने २०१९ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले आहेत.

६. सराव. पहिले प्रयत्न प्रमाणक संस्थेच्या चाचणी-सेवेवरच करावेत. खऱ्या सेवेस मर्यादा आहेत: एकाच नावासाठी तासाभरात पाच पडताळण्या फसल्या, तर पुढील मागणी काही काळ थांबते.

७. साखळी व वळण. सर्व्हरच्या मांडणीत एकट्या प्रमाणपत्राची फाइल न देता मध्यस्थ प्रमाणपत्रासह असलेली पूर्ण साखळीची फाइल द्यावी. मधला दुवा गाळला, तर कार्यालयातील संगणकावर पान उघडते आणि सभासदाच्या मोबाइलवर इशारा येतो, असा चकवा होतो. यानंतर ८० क्रमांकाच्या दाराशी येणाऱ्यास ४४३ कडे वळवावे. मात्र पडताळणीच्या चिठ्ठीची जागा उघडीच ठेवावी.

येणेप्रमाणे केल्यास पहिले प्रमाणपत्र मिळण्यास फारसा वेळ लागत नाही. खरे काम त्यानंतर सुरू होते.

नूतनीकरण : कामाचा गाभा

मुदती हुंडीप्रमाणे प्रमाणपत्रासही मुदत आहे, आणि ती उत्तरोत्तर कमी होत आहे. १ सप्टेंबर २०२० पासून कोणत्याही सार्वजनिक प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवस झाली. एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणक संस्था व ब्राउझर-निर्माते यांच्या संयुक्त मंचाने ती टप्प्याटप्प्याने आणखी उतरविण्याचे ठरविले: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. किल्ली चोरीस गेली वा नावाचा मालक बदलला, तर जुने प्रमाणपत्र फार काळ फिरू नये, हा यामागील हेतू आहे. वर्षातून एकदा आठवणीने करण्याजोगे हे काम यापुढे राहणार नाही. ते यंत्राकडून आपोआप होईल, अशीच व्यवस्था लावली पाहिजे.

सर्टबॉटला दिवसातून दोन वेळा तपासणी करावयास लावावे. नव्वद दिवसांपैकी सुमारे तीस दिवस उरले, की तो स्वतःहून नवे प्रमाणपत्र मागतो. तोवर काहीच करीत नाही. एखाद्या दिवशी वीज गेली वा जोडणी तुटली, तरी हाती महिना असतो. तथापि, कंटेनरच्या पद्धतीत तीन ठिकाणी घात होण्याचा संभव आहे.

पहिला घात साठवणीचा. प्रमाणपत्राची साठवण पेटीबाहेर ठेवली नसेल, तर पेटी नव्याने उभी राहताच जुने प्रमाणपत्र नाहीसे होते आणि कार्यक्रम नव्याची मागणी करतो. नावांच्या त्याच संचासाठी सात दिवसांत पाचच प्रमाणपत्रे मिळतात. एका सायंकाळी दुरुस्तीसाठी सहा वेळा पेटी मोडून उभी केली, तर सहाव्या खेपेस नकार येतो आणि संकेतस्थळ इशाऱ्यासह लोकांपुढे उभे राहते. ‘कॅडी’ व ‘ट्रॅफिक’ यांसारखे सर्व्हर प्रमाणपत्राचे काम स्वतःच करतात. परंतु त्यांचीही साठवण पेटीबाहेर नसेल, तर हीच गत होते.

दुसरा घात स्मरणाचा. साठवणीत नवे प्रमाणपत्र आले, तरी चालू असलेला एनजिन-एक्स ते आपण होऊन पाहत नाही. सुरू होताना वाचलेले जुने प्रमाणपत्रच तो स्मृतीत धरून दाखवीत राहतो. नोंदीत नूतनीकरण यशस्वी दिसते आणि लोकांस मात्र मुदत संपल्याचा इशारा येतो. म्हणून नूतनीकरणानंतर सर्व्हरने मांडणी पुन्हा वाचावी, अशी आज्ञा व्यवस्थेत घालावी. यासाठी सर्व्हर बंद करावा लागत नाही.

तिसरा घात किल्लीचा. सोयीसाठी कोणी खासगी किल्ली साच्यातच बांधून टाकतात. साचा नकलण्यासाठीच असतो. तो सामायिक भांडारात ठेवला, की किल्लीही सर्वांच्या हाती पडते. साचा थरांनी बनतो. एका थरात ठेवलेली वस्तू वरच्या थरात पुसली, तरी खालच्या थरातून काढता येते. किल्ली उघड झाल्याचा संशय आला, तर प्रमाणपत्र रद्द करवून नवी किल्ली व नवे प्रमाणपत्र घ्यावे.

यंत्राची व्यवस्था लावली, तरी माणसाची जबाबदारी संपत नाही. पूर्वी लेट्स एन्क्रिप्ट मुदत संपत आल्याची सूचना पत्राने देत असे. ४ जून २०२५ पासून ती पद्धत बंद झाली. नावाची नोंदणी एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक पत्त्यावर असते आणि त्याची बदली वा निवृत्ती झाली की सूचना कोणाकडेच जात नाहीत, असेही घडू शकते. यास्तव प्रत्येक संस्थेने आवक-जावक नोंदवहीसारखी एक नोंद ठेवावी. तीत संकेतस्थळाचे नाव, नावाच्या नोंदणीची मुदत, प्रमाणपत्राची मुदत, साठवणीची जागा, जबाबदार कर्मचारी व त्याचा पर्यायी कर्मचारी एवढ्या बाबी असाव्यात. महिन्यातून एकदा कार्यालयाबाहेरच्या जोडणीवरून, साध्या मोबाइलवर संकेतस्थळ उघडून तारीख पाहावी. याला पाच मिनिटे पुरतात.

साखळीचा दुवा तुटतो तेव्हा

प्रमाणक संस्थांवरील विश्वास हा आंधळा नसावा, हे दाखविणारी एक घटना भारतातच घडली आहे. जुलै २०१४ मध्ये गुगलच्या काही नावांसाठी मालकाच्या परवानगीवाचून प्रमाणपत्रे दिली गेल्याचे उघडकीस आले. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मध्यस्थ प्रमाणपत्रांखाली निघाली होती. नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या विश्वासार्ह यादीत असल्याने विंडोजवरील अनेक कार्यक्रमांनी ती खरी मानली असती. फायरफॉक्स आपली स्वतंत्र यादी वापरीत असल्याने तो यातून सुटला. प्रकार कळताच नियंत्रकांनी केंद्राची मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली.

अशा प्रकारांवर नजर राहावी म्हणून दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची जाहीर नोंद ठेवण्याची पद्धत पुढे रूढ झाली. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांबाबत क्रोमने ती सक्तीची केली. आपल्या नावावर कोणी दुसऱ्याने प्रमाणपत्र घेतले आहे काय, हे या नोंदींत कोणासही पाहता येते. तसेच अमुक एका संस्थेनेच या नावास प्रमाणपत्र द्यावे, असे नावाच्या नोंदीत लिहून ठेवता येते, आणि सप्टेंबर २०१७ पासून ती नोंद पाहणे सर्व प्रमाणक संस्थांस बंधनकारक आहे. संस्थाचालकांनी या दोन्ही सोयींचा लाभ घ्यावा.

साखळीचे टोकही कधी काळी संपते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राचा आधार घेत असे त्याची मुदत संपली, आणि नवी यादी न मिळालेल्या अनेक जुन्या उपकरणांवर इशारे दिसू लागले. खेड्यात जुने मोबाइल दीर्घकाळ वापरात असतात. म्हणून संकेतस्थळाची चाचणी केवळ नव्या उपकरणावर घेऊन थांबू नये.

नागरिकांनी काय पाहावे

मुदत संपलेल्या प्रमाणपत्राने चोरी तत्क्षणी होते असे नाही. हानी निराळी आहे. आपल्या गावच्या संस्थेच्या संकेतस्थळावर इशारा दिसला, की कर्मचारी सांगतो, ‘काही नाही, पुढे जा’. नागरिक पुढे जातो. असे दोन-चार वेळा घडले, म्हणजे इशारा डावलण्याची सवय त्याच्या हाताला लागते. मग एखाद्या दिवशी बँकेच्या नावाने उभे केलेले खोटे पान खराच इशारा दाखविते, आणि तो त्याच सवयीने पुढे जातो. एका कार्यालयाच्या निष्काळजीपणाचे मोल दुसऱ्याच ठिकाणी, शेतकऱ्याच्या वा निवृत्त शिक्षकाच्या खात्यातून चुकविले जाते. इशारा आला असता पुढे जा असे नागरिकास कोणत्याही कर्मचाऱ्याने कधीही सांगू नये. संकेतस्थळ दुरुस्त होईपर्यंत काम कागदावर स्वीकारावे.

इशारा एकाच संकेतस्थळावर येत असेल, तर माहिती न भरता परत फिरावे आणि संस्थेस कळवावे. तो सर्वच संकेतस्थळांवर येत असेल, तर प्रथम संगणकाची तारीख पाहावी. जुन्या संगणकातील लहान बॅटरी संपली, की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि चांगली प्रमाणपत्रेही त्यास मुदतीबाहेरची वाटतात.

उलटपक्षी, इशारा आला नाही म्हणजे समोरचा मनुष्य प्रामाणिक आहे, असेही समजू नये. प्रमाणपत्र एवढेच सांगते की बोलणे त्याच नावाशी व गुप्तपणे चालले आहे. ठकाने मिळतेजुळते नाव नोंदविले, तर त्यासही प्रमाणपत्र मिळते. ‘शहाजोग’ या शब्दाचा पेढीवरील अर्थ विश्वासू आणि बोलण्यातील अर्थ साळसूदपणाचा आव आणणारा. दोन्ही प्रकारची संकेतस्थळे असतात. लोक कुलुपाच्या चिन्हालाच प्रामाणिकपणाची खूण समजतात, हे जाणून क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्ह पत्त्याच्या पट्टीतून काढून टाकले.

म्हणून नाव वाचावयास शिकले पाहिजे. पत्त्यातील पहिल्या तिरक्या रेघेपूर्वीचा भाग घ्यावा व तो उजवीकडून डावीकडे वाचावा. भारतातील शासकीय संकेतस्थळांच्या नावाचा शेवट बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असा असतो. ही अक्षरे नावाच्या मध्येच आली आणि शेवट दुसराच असला, तर ते नाव शासनाचे नव्हे. फसवणूक होऊन पैसे गेल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवावे, तितका पैसे अडविण्याचा संभव अधिक.

ध्यानात ठेवावयाच्या बाबी

१. प्रमाणपत्र व किल्ली पेटीत वा साच्यात नसून पेटीबाहेरच्या साठवणीत असावी.
२. प्रथम ८० क्रमांकाचे दार, मग प्रमाणपत्र, मग ४४३ क्रमांकाचे दार.
३. सराव चाचणी-सेवेवर करावा. प्रमाणपत्र पूर्ण साखळीसह जोडावे.
४. नूतनीकरण यंत्राने करावे आणि नंतर सर्व्हरने ते वाचले याची खात्री करावी.
५. दोन जबाबदार कर्मचारी नेमावेत व नोंदवही ठेवावी.
६. नागरिकास इशारा डावलण्यास शिकवू नये.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मोर्तबाचे काम आणि प्रमाणपत्रावरील सहीचे काम यांत कोणते साम्य आहे?
२. नूतनीकरण होऊनही लोकांस मुदत संपल्याचा इशारा का दिसू शकतो? त्यावर उपाय कोणता?
३. खासगी किल्ली साच्यात ठेवून मागाहून पुसली, तर ती सुरक्षित राहते काय? कारणे द्या.
४. प्रमाणपत्र योग्य असूनही संकेतस्थळ फसवे असू शकते, हे एका उदाहरणाने स्पष्ट करा.
५. विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेचे, ग्रामपंचायतीचे किंवा जिल्ह्याचे संकेतस्थळ शिक्षकांच्या देखरेखीखाली उघडून त्याचे प्रमाणपत्र कोणी दिले आणि त्याची मुदत केव्हा संपते, हे वहीत लिहावे. आणि मुदत दहा दिवसांहून कमी उरली असल्यास संबंधित कार्यालयास पत्राने कळवावे.